काकीच्या गाडीतलं पाचवं बटण

आधीच सांगतो, मी भुताखेतांतला माणूस नाही. आमच्या कणकवलीच्या हायस्कूलमध्ये पिंपळावरच्या बाईचा आवाज काढून अख्खी नववी ब पळवलेली आहे मी. ती बाई मीच होतो, मग मी कोणाला घाबरणार? त्यामुळे खाली कमेंटमध्ये ‘भावा, स्क्रिप्ट मस्त’ लिहिणाऱ्यांनी इथेच थांबा. आधीच डोकं फिरलंय माझं.

मी परळला एका गाड्यांच्या अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानात स्टिरिओ बसवतो. राहतो डिलाईल रोडला, काकाच्या खोलीत. काका गेल्या वर्षी गेला. आता घरात काकी, तिचा मुलगा प्रसाददादा आणि मी. बारक्या पगारात मुंबईत डोक्यावर छप्पर आहे ते फक्त काकीमुळे, हे ध्यानात ठेवा, कारण सगळा लोचा त्याच्यावरच आला.

मी नकला करतो. मिक्सर, दुकानातला शेठ, चाळीचे सेक्रेटरी... आणि काका. काका हा माझा हिट आयटम होता. घसा खाकरायचा, मान जरा वाकडी, आणि “अगो, आयकलंस?” बस्स. काकाने काकीला कधीच नावाने हाक मारली नाही. चाळीत, लग्नात, हॉस्पिटलात, कायम “अगो, आयकलंस?” मी ते केलं की स्वतः काकाच पोट धरून हसायचा.

काका गेल्यावर त्याची लाल गाडी चाळीखाली उभीच असायची. काकी दुपारी जेवण आटपून त्यात जाऊन बसायची, ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर. काच थोडी खाली, रेडिओ चालू. दहा बाय बाराच्या खोलीत बाईमाणसाला एकटं बसायला जागा कुठे असते? मग जुना स्टिरिओ मेला आणि दादाने हौसेने टचस्क्रीन बसवला. काकीची बोटं भांडी घासून घासून अशी झालीत की टचस्क्रीन तिला ओळखतच नाही. ती दाबतेय, दाबतेय, स्क्रीन ढिम्म. एकदा रडवेली होऊन वर आली. माझी सटकली. म्हटलं काकी थांब, तुला खरीखुरी बटणं करून देतो.

काम सोपं असतं. स्टिअरिंगवरच्या बटणांसाठी स्टिरिओच्या मागे एक वायर दिलेली असते. आपण बटणं कुठलीही लावा, प्रत्येकाला वेगळा रेझिस्टर जोडायचा, म्हणजे कुठलं दाबलं ते स्टिरिओला कळतं. लॅमिंग्टन रोडवरून सामान आणलं. बटणं मुद्दाम घरातल्या बेलची घेतली, मोठी, टक्कन वाजणारी. आवाज मोठा, आवाज बारीक, पुढचं स्टेशन आणि गप्प. चार. बटणं बसवायची पट्टी मात्र पाच भोकांची मिळाली. म्हणून पाचवं बटण नुसतंच बसवलं, भोक बुजवायला. त्याला वायर नाही. परत वाचा. वायर नाही.

रविवारी दुपारी काकीला गाडीत बसवून एकेक बटण दाखवलं. दादा बाहेर दाराला टेकून उभा. काकी लहान पोरीसारखी खूश. रेडिओवर कसलीतरी जाहिरात चालू होती. तिने ‘गप्प’ दाबलं, सगळं शांत. मग विचारलं, “ह्या कसला?”

म्हटलं, “काकी, ता शोभेचा आसा.”

तिने ते दाबलं.

स्पीकरमधून घसा खाकरल्याचा आवाज आला. मग काका. “गुलाब... जेवलंस काय गो?”

एवढंच. आईशप्पथ, पहिल्या सेकंदाला मला वाटलं अगरबत्तीची जाहिरात लागली. आमच्याकडे गुलाब कोण आहे? काकीचं नाव स्मिता.

काकी पांढरीफटक पडली. दादाने दार उघडून माझी कॉलर धरली. “बापाची नक्कल करतोस? तिच्यासमोर? ब्लूटूथवरून वाजवलंस ना?”

“अरे, फोन वर चार्जिंगला आहे माझा.”

“मग तोंडाने केलंस. तुला काय कठीण आहे?”

“माझं तोंड तिच्यासमोर होतं, दादा.”

त्याने पट्टी उपटून काढली. पाचव्या बटणाच्या मागे काहीच नव्हतं. तरी ऐकायला तयार नाही. म्हणाला, संध्याकाळपर्यंत सामान उचल. म्हणजे बघा, आयुष्यभर ज्या नकला केल्या त्याला टाळ्या, आणि जी केलीच नाही तिच्यासाठी घराबाहेर.

पण मला लागलं ते काकीचं. ती थंड आवाजात म्हणाली, “तुका ह्या नाव त्यांनीच सांगल्यानी ना?”

मग कळलं. गुलाब हे तिचं माहेरचं नाव. लग्नात ताटातल्या तांदळात नवीन नाव लिहिलं, तेव्हापासून सासरी स्मिता. सासू-दीर सगळे एकाच खोलीत झोपायचे. पहिल्या वर्षी ती माहेरच्या आठवणीने रडायची, तेव्हा काका अंधारात तिच्या कानात जुनं नाव घ्यायचा. पोरं झाली, तेही बंद झालं. दादालाही ठाऊक नव्हतं.

“माझा तेवढाच होता,” काकी म्हणाली, “ता पण त्यांनी तुका दिल्यानी? हसूक?”

माझ्यावर नाही, काकावर चिडली होती ती. मेलेल्या माणसावर. मी शपथा घेतल्या, देवाच्या, आईच्या. दादा म्हणाला, “नाटकं बंद कर.”

मग मीही भडकलो. म्हटलं, “मी केलं म्हणताय ना? करतोच. ऐका आणि ठरवा.”

काकीने डोळे मिटले. “म्हण.”

घसा खाकरला. मान वाकडी केली. “गुलाब... जेवलंस काय गो?” एकदम परफेक्ट. दादाच्या तोंडावरच दिसलं, त्याला वाटलं चोर सापडला.

काकीने डोळे उघडले. “तू नाय होतंस.”

“आई, अगं सेम टू सेम—”

“गप रव,” ती दादाला म्हणाली. मग माझ्याकडे बघून, “ते ह्या नाव घेताना लाजायचे. तुका ता जमणा नाय.”

सामान वरच राहिलं. दादा अजून माझ्याशी धड बोलत नाही, त्याच्या मते मी आईला गुंडाळलं. मी ती वायर, तो स्टिरिओ, सगळं पुन्हा उघडून बघितलं. काही नाही. दुकानातल्या जुन्या मेकॅनिकनेही हात वर केले. कोणाला उत्तर माहीत असेल तर सांगा, पण ‘दुसऱ्या गाडीचा सिग्नल पकडला’ सांगू नका, दुसऱ्या गाडीला गुलाब कुठून माहीत?

आणि उत्तर मिळालं तरी माझा राग जाणार नाही. तो काकावर आहे. काकी आता दुपारी गाडीत बसते ती स्टिरिओ बंद ठेवून, कान देऊन. तिचा रेडिओ गेला. हाक मारायची होती तर तोंड होतं तेव्हा मारायची ना, काका. हॉस्पिटलात शेवटच्या दिवशी ती उशाशी बसून होती, मी पायाशी उभा होतो. तेव्हाही तू “अगो”च म्हणालास.