भोकरीची पांढरी वाईन

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, पाद्र्यासमोर कन्फेशनला गुडघे टेकले तेव्हाही नाही. तुम्हाला का सांगतोय — माहीत नाही.

मरोळच्या आमच्या गावठाणात वाईन घरचीच असायची. दारूबंदी आली आणि बरण्या तांदळाच्या कणगीमागे गेल्या, एवढंच. बहुतेक घरांत काळ्या मनुकांची लाल वाईन. पांढरी करायचा तो माझा थोरला भाऊ — नाशिकच्या भोकरी द्राक्षांची. ती पारखायची कशी, हेही त्यानेच शिकवलं. पेला उजेडात धर, रंग सुक्या गवतासारखा फिका हवा. आधी वास घे. घोट जिभेवर राहू दे, गोडी मागाहून यायला हवी. पारखायला मी शिकलो. करायला कधी जमली नाही. दरवर्षी गढूळ. लोक हसायचे. मला ते लागायचं, फार लागायचं.

भाऊ गेला. त्याच्या मुलीचं, अ‍ॅग्नेसचं लग्न ठरलं तेव्हा वहिनीने त्याच्याच रीतीने भोकरीची बरणी घातली. पण टायफॉइडनंतर तिला ना वास यायचा, ना चव. आणि चोरून केलेली वस्तू चार जणांना चाखवणार कशी? तिने मला बोलावलं.

"भावजी, तुमीच सांगा. बरी हाय ना?"

मी घोट घेतला. काय सांगू — भावाच्या हातची वाटावी अशी. नाही, त्याहूनही चांगली. आणि मला असा जळफळाट झाला की मी तोंड वाकडं केलं.

"आंबली, वहिनी."

ती मटकन खाली बसली. नवऱ्याची वाईन पोरीच्या लग्नात फिरवायची, एवढीच तिची हौस होती. मी म्हणालो, ही मी नेऊन ओततो, यंदा माझी जमलीय, लग्नाला ती आणतो. ओतली का? तुम्ही ओळखलंच असेल.

लग्नात तीच नेली, माझी म्हणून. मागच्या पडवीत बाटल्या फिरल्या. "थेट भावासारखी जमली रं!" लोक पाठ थोपटत होते आणि मी हसत होतो — हो, हसत होतो.

वहिनीने पुन्हा कधी बरणी घातली नाही. आता ती नाही. पण कोणी पांढरी वाईन पुढे केली की मी पेला उजेडात धरत नाही. मला भीती वाटते. त्यात ती दिसते, त्या दिवशी पडवीत आली होती तशी. चव कळणार नव्हती, तरी माझा मान म्हणून तिने पेला रिकामा केला. "तुमी होते म्हनून लाज राहिली, भावजी."

तिचीच वाईन. आणि मी बाटली तिरकी करून म्हणालो, "घ्या वहिनी, अजून घ्या."