निळ्या दोऱ्याचं बटण

जुन्या बाजारातून मी स्वतःसाठी एक चौकडीचा शर्ट आणला आणि धुऊन कपाटात ठेवला. रविवारी आई आणि मी ते कपाट आवरायला बसलो. नको असलेले कपडे बाजूला काढताना तो शर्ट आईच्या हाती लागला आणि ती थबकली.

"अरे, हा ह्यांचा शर्ट. राहिला होता वाटतं."

बाबांना जाऊन तीन वर्षं झाली. त्यांचे सगळे कपडे आम्ही तेव्हाच देऊन टाकले होते.

"आई, हा मी परवा विकत आणलाय."

तिने बाही माझ्यापुढे धरली. "हे बटण बघ. पांढरा दोरा संपला होता, म्हणून मी निळ्याने लावलं."

बटण खरंच निळ्या दोऱ्याने लावलेलं होतं. पण पांढरा दोरा काय कुणाच्याही घरात संपतो. देऊन टाकलेले कपडे कुठून कुठे फिरतात, हे तरी कोण सांगणार? मी बाबांना त्या शर्टात आठवून पाहिलं. चेहरा आला, आवाज आला, अंगातला शर्ट काही आठवेना. इतकी वर्षं रोज समोर असलेल्या माणसाकडे मी बघत तरी काय होतो?

"घाल बघू," आई म्हणाली.

मी घातला. अगदी मापाचा बसला. आईने पुढे होऊन कॉलर सारखी केली आणि सहज विचारलं, "चहा घेताय ना?"

मला ती जन्मापासून अरेतुरे करते. मी गोंधळून तिच्याकडे पाहिलं. ती उत्तराची वाट बघत होती.

"घेतो," मी म्हणालो.