मिलिंद देशकरचे पिवळे शनिवार

काही घरांत रद्दी साठते, मिलिंद देशकरच्या घरात किस्से साठतात. रद्दी निदान कुणीतरी घेऊन जातं. किस्से आम्हालाच वागवावे लागतात, कारण कॉलेज फुटबॉलच्या सीझनभर, म्हणजे ऑगस्टच्या शेवटापासून नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगपर्यंत, दर शनिवारी आम्ही टेक्सासातल्या प्लेनोत त्याच्या घरी पडलेलो असतो.

मिलिंद मूळ नागपूरचा. टेक्सासातल्याच एका युनिव्हर्सिटीत एमएस केलं. तिथे तो काय शिकला ते आता त्यालाही आठवत नाही, पण तिथल्या अमेरिकन फुटबॉलच्या टीमचा रंग पिवळा आहे हे तो झोपेतही विसरत नाही. जांभळ्या रंगाची एक शेजारची युनिव्हर्सिटी आहे, तिचं नाव त्याच्या घरात घेतलं जात नाही. फक्त "ते" म्हणायचं. त्याच्या बागेत एकदा वैशालीनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, जांभळी फुलं येणारं झुडूप लावलं होतं. आता तिथे बार्बेक्यू आहे.

* * *

मी आणि मिलिंद तेव्हा एकाच कंपनीत होतो. सोमवारी सकाळी ऑफिसच्या टीमचा स्टँडअप असायचा. प्रत्येकानं काल काय केलं, आज काय करणार, आणि ब्लॉकर्स काय, म्हणजे काम कशामुळे अडलंय, एवढं थोडक्यात सांगायचं.

एका शनिवारी आमची पिवळी टीम हरली. समोरचे आडदांड गडी आमची फळी फोडून दर दोन मिनिटांनी आमच्या क्वार्टरबॅकला, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या मुख्य गड्याला, आडवा करत होते, कारण त्यांना अडवायचं काम ज्यांचं, ते ब्लॉकर्स उभेच राहत नव्हते. मिलिंद रविवारभर कुणाशी बोलला नव्हता.

सोमवारी स्टँडअपला मिलिंदची पाळी आली. आमची मॅनेजर ही एक शांत टेक्सन बाई. तिनं नेहमीच्या आवाजात विचारलं, "मिलिंद, एनी ब्लॉकर्स?"

मिलिंदनं मान वर केली. "ब्लॉकर्स असते," तो म्हणाला, "तर शनिवारी ही वेळ आली असती का?"

तिनं शांतपणे टाइप केलं. मिलिंद, नो ब्लॉकर्स.

* * *

नव्या घराला वर्ष झालं म्हणून वैशालीनं सत्यनारायण घालायचं ठरवलं. तारीख नेमकी मोठ्या मॅचच्या शनिवारची निघाली. मिलिंदनं तारीख बदलण्यासाठी जंग जंग पछाडलं. वैशाली म्हणाली, एक वेळ देव बदलेल, तारीख नाही.

आमचे गुरुजी आठवडाभर एका बँकेचे डेटाबेस सांभाळतात आणि वीकेंडला पूजा सांगतात. वैशालीला पूजा संध्याकाळी हवी होती. गुरुजींनी फोनवर बराच वेळ पंचांग चाळलं आणि सांगितलं की नाही, पहाटे सुरू करू. नऊला राहुकाळ लागतो, आणि तो संपल्यावरही दिवस एकंदर बरा नाही.

मिलिंदला भरून आलं. दुपारची मॅच वाचली होती. आम्ही सगळे डोळे चोळत अंधारात त्याच्या घरी पोचलो. गुरुजींनी जी कथा सांगितली, तिला तोड नाही. साधुवाण्याची नाव बुडाली कधी आणि वर आली कधी, कळलंच नाही. साडेआठला शिरा हातात होता आणि गुरुजींची गाडी गल्लीबाहेर. दक्षिणा घेऊन वैशालीला त्यांच्यामागे ड्राइव्हवेपर्यंत धावावं लागलं.

दुपारी मॅच सुरू झाली. स्टेडियम आमच्यापासून काही तासांच्या ड्राइव्हवर आहे. आमच्या गड्यानं चेंडू शेवटच्या रेषेपार नेऊन पहिला टचडाउन केला आणि कॅमेरा प्रेक्षकांवर फिरला. अंगावर पिवळा रंग फासलेले उघडेबंब लोक एका रांगेत नाचत होते, प्रत्येकाच्या छातीवर एकेक इंग्रजी अक्षर. त्यातल्या एका अक्षरावरून जानवं गेलं होतं.

आमच्यातल्या एकानं अडखळत विचारलं, हे आपले गुरुजी का? उघडे कसे?

वैशाली शिऱ्याचं भांडं आवरत होती. तिनं टीव्हीकडे एकदा पाहिलं.

"सोवळ्यात आहेत," ती म्हणाली.

* * *

इथल्या मराठी मंडळाचा दिवाळीचा कार्यक्रमही शनिवारीच येतो, कारण मंडळाच्या कमिटीत एकही माणूस फुटबॉल बघणारा नाही. हा अन्याय मिलिंदनं सर्वसाधारण सभेत दोनदा मांडलाय.

त्या वर्षी पुण्याहून एक तरुण गायिका आली होती. आवाज सुंदर, तयारी सुंदर. बायका पुढच्या खुर्च्यांवर, आणि मिलिंदच्या नेतृत्वाखाली आम्ही पुरुष सगळ्यात मागच्या रांगेत, मांडीवर फोन आडवे धरून, चेहऱ्यावर शास्त्रीय संगीताला शोभेल असं गांभीर्य.

बाईंनी एक लांब तान घेतली आणि समेवर आल्या. नेमका त्याच क्षणी आमच्या गड्यानं साठ यार्ड पळत जाऊन टचडाउन केला. मागच्या रांगेतून एकमुखानं "वाऽऽऽ" आलं. पुढच्या बायकांनी माना वळवून कौतुकानं पाहिलं. गायिका इतकी खूश झाली की तिनं तीच तान पुन्हा घेतली. फोनवरही तोच टचडाउन पुन्हा दाखवत होते. आम्ही पुन्हा दाद दिली.

शेवटी आभार मानताना ती म्हणाली की इतके जाणकार पुरुष श्रोते तिला पुण्यातही मिळालेले नाहीत. "फक्त एक समजलं नाही," ती म्हणाली. "भैरवी चालू असताना मागच्या रांगेतून कुणीतरी 'अरे पकड ना' म्हणालं. काय पकडायचं होतं?"

वैशालीनं मागे वळून पाहिलं. तिचा प्रश्न तोच होता.

* * *

पूर्वी पोरगा एका कॉलेजात शिरला की शिकून बाहेर पडेपर्यंत तिथेच खेळायचा. आता खेळाडू दर वर्षी कॉलेज बदलू शकतात. आमच्या क्वार्टरबॅकनं बदललं. मिलिंदनं त्याच्या नावाचा शर्ट घेतला होता, त्याचं पोस्टर होम ऑफिसमध्ये लावलं होतं, मीटिंगमध्ये कॅमेरा सुरू केला की आधी तो दिसायचा आणि मग मिलिंद. आणि तो पोरगा जास्त पैशांची ऑफर आली म्हणून दुसरीकडे गेला. तेही त्यांच्याकडे. जांभळ्यांकडे.

त्याच आठवड्यात ऑफिसात मिलिंदचा फेअरवेल लंच होता. तो हायवेपलीकडच्या कंपनीत चालला होता. आमचे क्लायंट पळवायचा प्रयत्न वर्षानुवर्षं करत असलेली ती कंपनी. त्यांनी त्याला मोठी पोझिशन दिली होती.

जेवण झाल्यावर कुणीतरी म्हणालं की मिलिंदनं दोन शब्द बोलावेत. मिलिंद उभा राहिला. आम्हाला वाटलं, टीमचे आभार मानेल. पण त्याच्या मनात दुसरंच साठलं होतं. तो निष्ठेवर बोलला. आपण एखाद्याला घेतो, त्याला काही येत नसताना शिकवतो, त्याच्या चुका पोटात घालतो, आणि तो तयार झाला की जास्त देणाऱ्याकडे निघून जातो. तेही प्रतिस्पर्ध्याकडे, आपले सगळे डावपेच डोक्यात घेऊन. अशा माणसाला रात्री झोप कशी लागते, असं त्यानं शेवटी विचारलं.

मॅनेजरनं नॅपकिन घडी करून बाजूला ठेवला.

"मिलिंद," ती म्हणाली, "तुला नेमकं काय वाटतंय ते मला कळतंय."

* * *

एका सीझनला मिलिंदचे वडील नागपूरहून आले. आम्ही त्यांना काका म्हणतो. काकांनी जन्मभर सरकारी नोकरी केली आणि रविवारी क्लब क्रिकेटचं अंपायरिंग. सावनेरला एकदा निकाल न पटल्यामुळे लोकांनी त्यांना पॅव्हेलियनमध्ये कोंडलं होतं, तेव्हा ते आत बसून शांतपणे डबा खात होते, असं ते अभिमानानं सांगतात.

मॅच बघताना मिलिंदचं रेफ्रींविषयीचं मत ठरलेलं असतं. आपल्याविरुद्ध निर्णय दिला तर विकला गेलाय, आपल्या बाजूनं दिला तर उशिरा दिला. काका पहिल्या शनिवारी चहाचा कप घेऊन रिक्लायनरमध्ये बसले. पंधरा मिनिटांत रेफ्रीनं आमच्या गड्याविरुद्ध पिवळा रुमाल फेकला, म्हणजे नियम मोडल्याची खूण केली. मिलिंद उसळला. काका म्हणाले, "हात धरला होता त्यानं."

"बाबा, तुम्हाला हा गेम नाही कळत."

"गेम नाही कळत," काका म्हणाले. "हात कळतो."

रिप्लेमध्ये आमच्या पोरानं समोरच्याचा हात अगदी मनगटापासून धरलेला दिसला. त्यानंतर त्या खोलीत कुठलाही निर्णय आला की लोक आधी टीव्हीकडे आणि मग काकांकडे बघायला लागले. काका मान हलवायचे आणि विषय संपायचा. मिलिंदच्या स्वतःच्या घरात, स्वतःच्या सोफ्यावर त्याची सत्ता गेली होती.

तिसऱ्या की चौथ्या शनिवारी त्याचा बांध फुटला. एका निर्णयावर त्यानं रेफ्रीच्या आईवडिलांचा उल्लेख केला. काकांनी कप खाली ठेवला. गुडघ्यावर हात देऊन ते सावकाश उठले, मिलिंदसमोर उभे राहिले आणि त्यांनी उजव्या हाताचं बोट वर केलं.

मिलिंद आता एका मोठ्या कंपनीत डायरेक्टर आहे. त्याच्या हाताखाली तीन टाइमझोनमधली माणसं आहेत. त्यानं काकांच्या बोटाकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं, रिमोट वैशालीच्या हातात दिला आणि मान खाली घालून पॅटिओचं दार सरकवून बाहेर गेला. उरलेली मॅच त्यानं काचेतून बघितली. आवाज ऐकू येत नव्हता, म्हणून वैशाली अधूनमधून हातानं स्कोअर दाखवत होती.

जिंकलो तेव्हा आम्ही काकांना म्हटलं, आता घ्या त्याला आत.

काका म्हणाले, "आउट झालेला माणूस परत येतो का?"

* * *

आता शेवटचा.

मिलिंदची मुलगी सायली अभ्यासात हुशार. मागच्या वर्षी तिनं कॉलेजांसाठी अर्ज केले. पिवळ्यांकडे तिला प्रवेश मिळणार यात मिलिंदला शंका नव्हती, आणि मिळालंही. पण तिला हवी होती ती बायोइंजिनीअरिंगची लॅब दुसरीकडे होती. हे तिनं बापाला कुठे सांगावं, तर हायवेवर, तो गाडी चालवत असताना. म्हणजे त्याला उठून जाता येणार नाही. "डॅड, आय गॉट इन," ती म्हणाली. "द पर्पल वन. आय ॲम गोइंग."

मिलिंदचा एक्झिट चुकला. पुढचाही चुकला. ती दोघं घरी पोचली तेव्हा भाजी गार झाली होती.

त्यानं विरोध केला नाही. बोलणंच बंद केलं. ऑगस्टमध्ये तिचा फ्रिज डॉर्मच्या, म्हणजे होस्टेलच्या, जिन्यावरून स्वतः वाहून नेला, खिडकीचा पडदा लावून दिला, आणि जांभळी टोपी घातलेल्या एका स्वयंसेवकानं "वेलकम टू द फॅमिली" म्हटल्यावर गाडीत जाऊन बसला. नंतर सायलीचा फोन आला की तो "जेवलीस का" एवढं विचारायचा आणि फोन वैशालीकडे द्यायचा. ती काय शिकतेय, कुणाबरोबर राहतेय, सगळं त्याला वैशालीकडून कळायचं. एकदा मला म्हणाला, "काही बोलायला गेलो की तो रंगच आठवतो बे. मी काय करू?" मी हसणार होतो, पण त्याचा चेहरा बघून थांबलो.

नोव्हेंबरात पिवळे विरुद्ध जांभळे, आमच्या स्टेडियममध्ये. मिलिंद, वैशाली आणि मी गेलो. मिलिंद नखशिखांत पिवळा. वैशालीनं राखाडी स्वेटर घातला होता. पार्किंग लॉटमधून चालताना तिनं त्याला सांगितलं की सायली त्यांच्या मार्चिंग बँडमध्ये ट्रॉम्बोन, म्हणजे तो लांब पितळी कर्णा, वाजवते आणि आज हाफटाइमला मैदानात उतरणार आहे. मिलिंद म्हणाला, असेल. आणि पुढे चालायला लागला.

इतकी वर्षं त्यांचा बँड मैदानात आला की मिलिंद नाचोज आणायला उठायचा. त्या दिवशी हाफटाइम झाला आणि तो बसून राहिला. मग त्यानं जॅकेटच्या आतून दुर्बीण काढली. ती त्याच्याकडे आहे हे वैशालीलाही माहीत नव्हतं.

जांभळे कपडे घातलेली दोनेकशे पोरं मैदानभर पसरली. वाजवत चालली, वळली, गोल झाली, तारा झाली. आमच्या बाजूचे लोक हुर्यो करत होते. मिलिंदची दुर्बीण हळूहळू उजवीकडून डावीकडे सरकत होती.

त्यांचं वाजवणं जरा लांबलं. टीम्स परत आल्या तरी बँड मैदानातून निघतच होता. एका रेफ्रीनं पिवळा रुमाल फेकला. लाउडस्पीकरवर जाहीर झालं की बँड वेळेत मैदानाबाहेर गेला नाही, म्हणून जांभळ्यांना पंधरा यार्डांचा दंड. अख्खं पिवळं स्टेडियम उठून नाचायला लागलं. अनोळखी लोक एकमेकांना मिठ्या मारत होते.

मिलिंदही उठला होता. पण तो नाचत नव्हता. गर्दीच्या आवाजावर आवाज चढवून तो रेफ्रीवर ओरडत होता, आधी नागपुरीत, मग इंग्रजीत. पोरं चालून तर राहिली ना बाहेर, दिसत नाही का, कसला दंड, हा काय न्याय झाला का. मान लाल, शिरा ताणलेल्या. आजूबाजूचे पिवळे लोक एकेक करून नाचायचे थांबले आणि त्याच्याकडे बघायला लागले.

मागच्या रांगेतल्या पिवळी हॅट घातलेल्या एका धिप्पाड माणसानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि अदबीनं विचारलं, "सर, तुम्ही नक्की कुणाच्या बाजूचे?"

मिलिंदनं दुर्बीण डोळ्यांना लावलेलीच होती.

"ट्रॉम्बोन," तो म्हणाला. "डावीकडून तिसरी."