येताना मदर घेऊन या

फजिती सांगायची तर आधी कबूल करते की दोष नेटवर्कचा नव्हता. घरात सगळ्यांना मी तसंच सांगितलंय, पण तुमच्यापासून काय लपवायचं?

लग्नाला चार महिने झाले होते. मी मालवणच्या सासरी रुळत होते, म्हणजे गप्प बसून सगळं बघत होते. बघता बघता दिसलं की सासूबाई काजूच्या बोंडांचा शिरका, म्हणजे व्हिनेगर करतात. बाकी गावाची बोंडं झाडाखाली कुजतात आणि आमच्या बरणीत सोनं तयार होतं. फक्त ते टिकत नव्हतं. बाटलीत भरलं की महिन्याभरात बूच उडायचं.

घाटावरच्या एका शहरात संशोधन पार्क आहे असं मी वाचलं. निवड झाली तर वर्षभर प्रयोगशाळेत जागा, यंत्रं आणि शिकवायला माणसं. मी अर्ज केला. घरात माझा शब्द पहिल्यांदाच चालला होता, त्यामुळे जागा मिळणं मला शिरक्याइतकंच माझ्यासाठीही हवं होतं.

तिथल्या डॉक्टरबाईंचा फोन आला. आमच्याकडे रेंज फक्त गडग्यावर, म्हणजे अंगणाच्या दगडी कुंपणावर. मी गडग्यावर चढले.

"मदर आहे ना तुमच्याकडे?"

"आहेत की."

"किती जुनी?"

असं कोण विचारतं? पण शहरातली माणसं. म्हटलं, "अठ्ठावन्न."

"अठ्ठावन्न दिवस म्हणजे छान जाड झाली असेल."

यातल्या 'दिवस'कडे माझं लक्षच गेलं नाही. जाड तेवढं ऐकलं. "तशी मध्यम आहे," मी सासूबाईंची बाजू सांभाळली.

"घेऊन या. तिच्याशिवाय पुढचं काहीच होणार नाही. प्रवासात हलवू नका, उन्हात ठेवू नका. आणि तोंड घट्ट बांधू नका हं, तिला हवा लागते."

सासूबाईंचं तोंड बांधायची छाती आमच्या घरात कोणाची आहे? पण मी भारावले. काय संस्था आहे, सासूची एवढी काळजी!

सासूबाई विळीवर बसल्या होत्या. "माका कित्याक बोलवतत गो?"

"आई, तुमच्याशिवाय काही होणार नाही म्हणाल्या."

हातातलं खोबरं त्यांनी तसंच विळीपाशी ठेवलं. मग उठून त्यांनी पेटीतली जरीची साडी काढली.

इकडे मी शिरका नीट दिसावा म्हणून कामाला लागले. बरणीत वर एक पांढरं बुळबुळीत घावन तरंगत होतं. शी! ते मी माडाच्या आळ्यात टाकलं, शिरका फडक्यातून गाळला आणि उकळलेल्या बाटल्यांत भरला.

दुसऱ्या दिवशी सासूबाई पुढच्या सीटवर, खिडकी उघडी, उन्हाच्या बाजूला टॉवेल. नवरा घाटात इतक्या हळू गाडी चालवत होता की मागचे ट्रक भोंगे वाजवून थकले.

"ह्यो पार्क?" सासूबाईंनी इमारतींकडे बघितलं. "फुला खंय?"

डॉक्टरबाई हसत पुढे आल्या. "मदर आणलीत?"

"या काय," मी अभिमानाने सांगितलं.

त्यांनी सासूबाईंना वाकून नमस्कार केला. मग माझ्या मागे, पिशवीत बघितलं. "आणि मदर? एक तुकडा कापून काचेखाली ठेवायचाय."

सासूबाईंनी पर्स छातीशी धरली. "माका कापूक हाडलंस गो?"

मग उलगडा झाला. शिरक्यावर जी जाड साय धरते तिला मदर म्हणतात. तिच्यातले जिवाणूच शिरका करतात, आणि तेच तपासून जागा द्यायची होती. मी म्हटलं, "ती काल मी टाकली."

"मग अवघड आहे. उद्या दुपारी यादी लागते."

सासूबाई मला म्हणाल्या, "ही शिरक्याच्या आवशीबद्दल बोलता काय?"

आवस म्हणजे आई. म्हणजे डॉक्टरबाईंना माहीत, सासूबाईंना माहीत. शिकलेली मीच काय ती मधे उभी होते.

"आई, चुकलं माझं."

"मीच तुका सांगूक होया होता," त्या म्हणाल्या आणि नवऱ्याकडे वळल्या. "आरोंद्याक जा. हिच्या आवशीकडे आसा एक तुकडो. लगनात मीच दिलंय. त्यांचा चेडू घेतला, आमची आवस दिली."

चेडू म्हणजे मुलगी, म्हणजे मी. मला हे कोणी सांगितलं नव्हतं. डोळे पुसायला मी खिडकीकडे गेले.

नवरा निघाला. आम्ही पार्कातच पाहुण्यांच्या खोलीत राहिलो. सासूबाईंनी सगळं फिरून बघितलं. कोणी होडीसाठी यंत्र करतंय, कोणी केळीच्या खोडाच्या सोपटापासून कागद. एकट्याला जन्मात घेता येणार नाही असं यंत्र दहा जण पाळीपाळीने वापरतात. बाहेर रस्त्यावर बाटल्यांचं दुकान, लेबलं छापणारा, खानावळ. खानावळवाल्या मावशी म्हणाल्या, "पूर्वी इथं नुसता माळ होता. ही पोरं आली आणि आमच्या चुली पेटल्या."

"आमच्या बोंडांचाय असाच होवंदे," सासूबाई हळूच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी अकराला गाडी आली. मांडीवर बरणी, तोंडाला सैल फडकं, आणि बरणीमागे माझी आई. जावयाच्या हाती द्यायला तिचा जीव धजला नाही.

डॉक्टरबाईंनी तुकडा काचेखाली ठेवला, बराच वेळ बघितला, आणि आम्हाला एकेक करून बघायला बोलावलं. दुपारी यादी लागली. आमचं नाव शेवटचं होतं, पण होतं. दोन्ही आयांनी एकमेकींचे हात धरले. त्या हातांचं ऋण मी कसं फेडणार, मला अजून कळलेलं नाही.

मग डॉक्टरबाईंनी फॉर्म भरायला घेतला. "प्रमुख कोण?"

"सासूबाई," मी म्हटलं.

"आणि तुम्ही काय बघणार?"

मी तोंड उघडायच्या आत सासूबाईंनीच सांगून टाकलं.

"सगळा बघतली ती. फोन सोडून."