लाकडी गाडी आणि दसऱ्याचे खिळे

मंडळी, आज डोकं फिरलंय माझं.

जुन्या गाड्या बघून किंमत ठरवणं हे माझं काम. सकाळी त्यासाठीच पलूसला गेलो होतो. एका निवृत्त सुभेदारांच्या गोठ्याशेजारी लाकडी बाजूंची जुनी स्टेशन वॅगन उभी होती. अशी गाडी मी आजवर फक्त फोटोत बघितलेली. इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं.

मग लाकडावर अंगठा दाबला. अंगठा आत गेला!

खिडक्यांखाली ओळीनं खिळे. विचारलं तर सुभेदार छाती फुगवून म्हणाले, "आवं, दसऱ्याचं तोरण बांधायला. एकबी वरीस चुकवलं न्हाई."

त्या प्रत्येक खिळ्यातून पावसाचं पाणी मुरून सागवानाचा भुसा झाला होता. मी जीव तोडून समजावलं. चांगल्या गाडीच्या निम्मीसुद्धा किंमत येणार नाही, म्हणालो. एक मागचं दार तेवढं शाबूत आहे, ते तरी जपा.

सुभेदारांनी ते दार निरखून पाहिलं. मग घराकडं बघून ओरडले, "आगं, गाडीला लय नजर लागलीया. लिंबू-मिरची आण!"

आणि ती टांगायला माझ्यादेखत गाडीच्या त्याच शाबूत दारात नवा खिळा ठोकला.

आता तुम्हीच सांगा, किंमत खिळ्याआधीची सांगू का नंतरची?