नरेशचं स्टिअरिंग

शिळफाट्याच्या रत्नदीपला जुनं काही ठेववत नाही. भीमजयंतीच्या आधी घर झाडून रंग लावायचा म्हटलं की हा गडी चांगल्या चपलाही भंगारात काढतो. साजगावच्या एका कारखान्यात तो कॉम्प्युटर सांभाळतो. त्यामुळे नात्यातले सगळे कॉम्प्युटर त्याच्याच गळ्यात, आणि त्याचा त्याला तोराही भारी.

यंदा लोधिवलीला विठामावशीच्या भिंती रंगवायला गेला, तेव्हा त्यानं मावसभाऊ नरेशचा कॉम्प्युटरही साफ केला. लिनक्सचा नवा कर्नल, म्हणजे आतून सगळं चालवणारा गाभा, चढवला आणि जुना पुसून टाकला. त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

नरेश टेंपो चालवायचा. अपघातात त्याचा उजवा हात लुळा पडला. शर्यतीच्या गेमवर हात वळेल म्हणून रत्नदीपनंच त्याला कॉम्प्युटरला जोडायचं स्टिअरिंग आणून दिलं, आणि मावशी रोज त्या हाताला तेल चोळायची. हळूहळू गेममधली गाडी रस्त्यावर राहू लागली. पुन्हा टेंपोवर बसेन, असं नरेश बोलायला लागला होता.

जयंती झाल्यावर रत्नदीप पुन्हा लोधिवलीला गेला, तर स्टिअरिंगवर टॉवेल टाकलेला.

"हात परत गेला रं," नरेश म्हणाला. "जरा हलवला का गाडी थेट कठड्यावर. आईला म्हटलं, आता चोळू नको, काय उपेग नाय."

रत्नदीपच्या लगेच लक्षात आलं. स्टिअरिंगचा ड्रायव्हर, म्हणजे कॉम्प्युटरला चाक ओळखायला लावणारा प्रोग्रॅम, त्यानंच जुन्या कर्नलवर बसवला होता. नव्यावर बसवायचा विसरला. त्याविना चाक जरासं फिरलं तरी गाडी पूर्ण वळते. हे तिथंच सांगायचं सोडून हा शहाणा म्हणाला, "धूळबीळ गेली असंल, बघतो." टेबल तर त्यानंच पुसलं होतं.

जुना कर्नल ठेवला असता तर त्यावर लगेच परत जाता आलं असतं. आता ड्रायव्हर नव्यानं बसवावा लागला. मग नको नको म्हणत नरेशनं चाक धरलं. गाडीनं वळण घेतलं आणि सरळ निघाली.

"आला रं, हात परत आला," तो म्हणाला, आणि त्याचे डोळे भरले.

तेवढ्यावर निघून जावं, असं रत्नदीपच्या मनात आलं. त्याची त्याला फार लाज वाटली.

"हाताला काय झालंच नव्हतं," तो म्हणाला. "मीच कर्नल बदलला. तवापासून बिघडलं."

नरेशनं गाडी थांबवली. रत्नदीप शिव्यांची वाट बघत उभा राहिला.

"मला नको सांगू. आईला सांग. तिला वाटतंय, तिच्याच चोळण्यानं शीर दुखावली."

दारापाशी रत्नदीपनंच भरलेली भंगाराची गोणी अजून पडून होती. वरच मावशीनं टाकलेली तेलाची बाटली होती, निम्मी भरलेली. ती घेऊन तो भाकऱ्या थापणाऱ्या मावशीपाशी गेला. "मावशे," तो म्हणाला, "हे तेल टाकू नको. तुझ्या चोळण्यानं काय झालं नाय, चूक माझी हाय."