टोपली बाहेर ठेवा

साहेबांनी नाकाला रुमाल लावला. "हे काय आणलंय? बाहेर ठेव आधी. अख्खं ऑफिस घाण केलंस."

टोपलीत शिवल्या होत्या. मेलेल्या, शिंपले उघडे पडलेल्या. टोपली माझ्या आईच्या हातात होती. आणि मी तिच्यापासून चार हातांवर टाइपरायटरसमोर बसले होते. मान खाली घालून.

वाशीचं स्टेशन तेव्हा नवंकोरं होतं. मोठी जहाजं आत यावीत म्हणून खाडीतली वाट खोल करायचं काम चाललं होतं. त्या कामाचा अहवाल आमच्या ऑफिसात तयार व्हायचा. मी आमच्या कोळीवाड्यातली पहिली टायपिस्ट. आई खाडीच्या चिखलातून शिवल्या काढते, हे मी ऑफिसात कुणाला सांगितलं नव्हतं.

आई म्हणाली, "सायेब, तुमची बोट चिखल उपसते न आमचे शिवल्यांवर टाकते. सगल्या गुदमरून मेल्या. बगा तरी."

साहेब माझ्याकडे वळले. "तुला यांची भाषा येते ना? हिला सांग, लेखी अर्ज दे. आणि ती टोपली बाहेर."

मी म्हणाले, "बाई, टोपली बाहेर ठेवा."

आईने माझ्याकडे पाहिलं. "ठेवते, मॅडम," म्हणाली आणि गेली. माझी नोकरी सांभाळून गेली.

मला काहीच वाटलं नाही. दात काढताना सुई दिल्यावर गाल बधिर होतो ना, तशी अख्खी मी झाले होते. त्याचीच आज जास्त लाज वाटते.

दुपारी अहवालाचं पान आलं. 'गाळ टाकण्याच्या जागी मासेमारी किंवा तत्सम वापर आढळला नाही.' 'आढळला'पर्यंत टाइप केलं. पुढे बोटं चालेनात. आठ वर्षांची असल्यापासून मी त्याच चिखलात उतरत होते, ओहोटीला, आईच्या मागून. शिवली डोळ्यांना दिसत नाही, तळपायाला लागते. हे मला तिनेच शिकवलं होतं.

उठले. "साहेब, हे खोटं आहे. मी टाइप करणार नाही. सकाळची बाई माझी आई आहे."

"मग सकाळी का नाही बोललीस?"

कागद मशीनमधून ओढून काढला आणि बाहेर पडले.

दुसऱ्या दिवशी आईबरोबर चिखलात उतरले. गुडघाभर मऊ गाळ. पायाला काही लागलं नाही.

आता गावाचे अर्ज मी लिहिते. आईला घेऊन कुठल्याही साहेबाच्या खोलीत गेले की आधी टोपली टेबलावर ठेवते. ही माझी आई, असं सांगते. मगच अर्ज काढते. बाहेर ठेवा म्हणाले, तरी टोपली हलवत नाही.